साहेबांनी झापलं, आणि टाळ्या आपण वाजवल्या

तो व्हिडिओ मी काल रात्री पेजवरून काढून टाकला. सकाळपासून दहा-बारा जणांनी इनबॉक्समध्ये विचारलं, "भाऊ, दबाव आला का?" दबाव वगैरे काही नाही. उलट ज्यांचा व्हिडिओ होता त्यांच्या पीएने 'मस्त कव्हरेज' म्हणून अंगठा पाठवला होता. काढला तो माझ्या मनाने. का काढला ते सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक वजनदार पदाधिकारी एका सरकारी दवाखान्यात 'अचानक' भेट द्यायला गेले. (अचानक म्हणजे काय, तर आम्हा पत्रकारांना आदल्या रात्रीच मेसेज होता, उद्या अकराला या.) मागे पंधरा-वीस कार्यकर्ते, सात-आठ मोबाइल सुरू. समोर एकट्या सिस्टर. औषध का नाही? डॉक्टर कुठे उलथलेत? पगार कशाचा घेता? सिस्टर म्हणाल्या, "सर, मागणी आम्ही…" तेवढ्यात साहेब कडाडले, "मला उलट उत्तरं द्यायची नाहीत! घरी बसवीन!" सिस्टरांनी मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही. मी तो व्हिडिओ टाकला, वर शीर्षक दिलं, 'साहेबांचा रुद्रावतार! दवाखान्यातील कर्मचाऱ्यांना फुटला घाम', आणि आगीचे तीन इमोजी. यावर्षी पेजवर सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच. खाली कमेंटा: 'असाच नेता पाहिजे', 'वाघ', 'माजलेत सगळे'.

चार दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी त्या दवाखान्यात गेलो. तिथल्या एका कर्मचाऱ्याने काही न बोलता एक फाईल माझ्यापुढे सरकवली. त्यात औषधांच्या मागणीची तीन पत्रं. तिन्हींवर तालुक्याच्या कार्यालयाचा आवक शिक्का, तारखेसकट. डॉक्टरांचं एक पद रिकामं. जे एक डॉक्टर होते ते त्या दिवशी अकरा वाजता कुठे होते? तालुक्याला आढावा बैठकीला. तीही साहेबांच्याच सूचनेवरून लावलेली.

म्हणजे सिस्टर "सर, मागणी आम्ही…" म्हणाल्या तिथेच बातमी होती. ती त्यांच्या तोंडात अडकली आणि मी साहेबांच्या तोंडाची बातमी केली.

वीस वर्षं हेच करतोय. आमच्या धंद्यात यासाठी शब्दांची आख्खी पेटी आहे. झापले, खडसावले, धारेवर धरले, फैलावर घेतले, कानउघाडणी केली, झाडाझडती घेतली, धाबे दणाणले. पत्रकारितेच्या पदविकेला आम्हाला बातमीत कोण, काय, कधी, कुठे, का, कसे शिकवलं होतं. या शब्दांत 'कोण' असतो आणि 'कुठे' असतं. 'का' कधीच नसतं. 'पुढे काय झालं' हे तर कुठल्याच पेपरात नसतं. झापल्यानंतर महिन्याने तिथे औषध आलं का, हे बघायला मी एकदाही गेलेलो नाही. खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात भाची एमबीएच्या परीक्षेसाठी आमच्याकडे राहायला होती. तिची पुस्तकं चाळताना एका अभ्यासाशी अडकलो, मग रात्री बसून आणखी शोधून वाचलं. हार्वर्डमध्ये एमी एडमंडसन नावाच्या बाई आहेत. नव्वदच्या दशकात, पीएचडी करत असताना, त्यांनी अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांच्या वॉर्डांमध्ये एक गोष्ट मोजली. रुग्णांना औषध देताना किती चुका होतात, आणि त्या वॉर्डातलं वातावरण कसं आहे. अंदाज सरळ होता. जिथली मुख्य परिचारिका चांगली, माणसं एकमेकांना धरून, तिथे चुका कमी. आकडे आले ते नेमके उलटे. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त! बाई चक्रावल्या. मग लक्षात आलं की चांगल्या वॉर्डांत चुका जास्त *होत* नव्हत्या, त्या जास्त *सांगितल्या* जात होत्या. जिथे वरिष्ठ अंगावर येत होते तिथल्या नर्स चूक झाली की गप्प बसत होत्या. कागदावर तो वॉर्ड निर्मळ. हा अभ्यास १९९६ ला छापून आला. नंतर १९९९ ला त्यांनी एका कंपनीतल्या पन्नासेक गटांवर काम करून दाखवलं की जिथे माणूस न घाबरता 'माझं चुकलं' किंवा 'मला कळलं नाही' म्हणू शकतो, तिथेच गट शिकतो आणि सुधारतो. याला त्यांनी जे नाव दिलंय त्याचं मराठी 'मानसिक सुरक्षितता' असं करतात. शब्द जड आहे. आपण म्हणू, बोलायची भीती नसणं.

हे वाचलं आणि मला एक वही आठवली.

काही वर्षांपूर्वी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाची बातमी करायला गेलो होतो. कुठलं ते सोडा. लहान मुलांच्या लसी ठेवायचा फ्रीज असतो, त्याचं तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये ठेवावं लागतं आणि दिवसातून दोनदा वहीत लिहावं लागतं. वही छान भरलेली होती. सकाळी ४, संध्याकाळी ५. सकाळी ४, संध्याकाळी ४. पानंच्या पानं. आता मी त्याच भागात फिरणारा माणूस. वादळाने खांब पडून त्या गावात दोन दिवस लाईट नव्हती, त्याची बातमी मीच केलेली. त्या दोन तारखा मुद्दाम बघितल्या. सकाळी ४, संध्याकाळी ५.

जनरेटर होता का, बर्फाच्या थैल्या लावल्या होत्या का, मला माहीत नाही. कदाचित लावल्या असतील आणि लसी ठणठणीत राहिल्या असतील. पण विचारलं तेव्हा जे उत्तर आलं ते विसरलो नाही. "भाऊ, दहा लिहिलं तर नोटीस मला येते. फ्रीज कुणी दुरुस्त करत नाही."

कमेंटमध्ये 'माजलेत सगळे' लिहिणाऱ्या मित्रांनो, त्या फ्रीजमधली लस तुमच्या-माझ्याच पोरांना टोचली जाते. मला वहीत खरं तापमान हवंय. दहा असेल तर दहा. आणि ते तेव्हाच लिहिलं जाईल जेव्हा दहा लिहिणाऱ्याला आधी विचारलं जाईल, "फ्रीजला काय झालं?"

दुसरा एक अभ्यास तर जास्त झोंबणारा आहे. इस्रायलमधला, २०१५ ला प्रसिद्ध झालेला. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या २४ पथकांचा सराव घेतला. एकेका पथकात एक डॉक्टर, दोन नर्स. समोर बाळाचा पुतळा, अपुऱ्या दिवसांचं बाळ एकदम खालावतं असा बनाव. अर्ध्या पथकांना सरावाआधी एका परदेशी तज्ज्ञाचे शेरे ऐकवले, की तुमच्या देशातल्या वैद्यकीय कामाचा दर्जा काही मला विशेष वाटला नाही, अशा छापाचे. शिवी नाही, आरडाओरडा नाही, नोकरीची धमकी नाही. नुसता तिरकस शेरा. बाकीच्या पथकांना साधं, कोरडं बोलणं. कुणाला काय ऐकवलंय हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी काम तपासलं. टोमणा ऐकलेल्या पथकांचं निदानही कच्चं निघालं आणि हातातलं कामही. कारण काय, तर त्या खोलीत माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी झाली, मदत मागेनाशी झाली.

एका शेऱ्याने हे होतं. आपल्याकडे वीस माणसांसमोर, सात मोबाइलसमोर 'घरी बसवीन' म्हणतात. त्या दुपारी तिथे जी बाळंतीण आली असेल तिच्याकडे सिस्टरांचं किती लक्ष लागलं असेल?

आता तुम्ही म्हणाल, आणि रास्त म्हणाल, की भाऊ, ओरडल्यावर काम होतं की. साहेब येणार म्हटलं की झाडू फिरतो, रांगोळी निघते, सगळे जागेवर. होतं ना. अगदी बरोबर. हे सुद्धा मोजलेलं आहे आणि लई जुनं आहे. हिटलर आल्यावर जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले कुर्ट लेविन, त्यांनी लिपिट आणि व्हाइट या दोन सहकाऱ्यांबरोबर १९३९ ला प्रसिद्ध केलेला प्रयोग. दहा-अकरा वर्षांच्या पोरांचे गट, कामं मुखवटे बनवण्यासारखी. कुठे नायक हुकूमशहा, सगळं तोच ठरवणार. कुठे पोरांशी बोलून ठरवणारा. कुठे नुसता नावाला, काहीच न करणारा. हुकूमशहा खोलीत असताना काही गटांची पोरं सगळ्यांपेक्षा जास्त जुंपून काम करत होती! पण तो बाहेर गेला की काम धाडकन खाली. बोलून ठरवणारा बाहेर गेला तरी त्याच्या पोरांचं काम जवळजवळ तसंच चालू. हुकूमशहाच्या काही गटांत तर पोरं दबून राहत होती किंवा आपसातल्याच एखाद्या पोरावर राग काढत होती.

साहेबांची गाडी गेटच्या बाहेर पडल्यावर आपल्या कार्यालयांत काय होतं ते मी सांगायला नको. आणि आपण साहेब गेल्यानंतरच जातो कामाला. उताऱ्याला, दाखल्याला, रेशन कार्डाला. आपल्याला साहेब नसतानाचं कार्यालय भेटतं.

(तिसरा नायक, काहीच न करणारा, त्याच्या गटाचं कामही रडकंच होतं. त्यामुळे 'गोड बोला आणि झोपा' असा अर्थ कुणी काढू नये. असे साहेबही मी पाहिलेत, त्यांच्यावर स्वतंत्र पोस्ट होईल.)

दुसरा आक्षेप ठरलेला: हे सगळं अमेरिकेत. आपल्याकडची माणसं वेगळी, आपल्याला दांडकाच कळतो. हे वाक्य इंग्रज साहेब आपल्याबद्दल बोलायचा, आता आपणच आपल्याबद्दल बोलतो. बरं, आपल्याकडचं बघू. १९५३, अहमदाबाद, तेव्हा आपल्याच मुंबई राज्यात. कॅलिको मिल. नवे ऑटोमॅटिक माग आणले, पण अपेक्षेइतकं कापड निघेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस यांना बोलावलं. त्यांना दिसलं की एकाच शेडमध्ये कामाचे डझनभर तुकडे केलेत. कुणी फक्त तुटलेला धागा जोडणार, कुणी फक्त तेल घालणार, आणि कुणाला कुणाशी बोलायचं हेच धड ठरलेलं नाही. त्यांनी सुचवलं, एकेका लहान गटाकडे ठरावीक माग पूर्ण सोपवा. ही कल्पना कामगारांनी इतकी उचलली की गट कुणी कुणाबरोबर करायचे हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. सुरुवातीला थोडा गोंधळ झाला, मग कापड वाढलं आणि खराब मालही कमी निघायला लागला. हे गिरणी कामगार होते मंडळी, हार्वर्डचे पदवीधर नव्हेत. पुढे १९७० च्या सुमाराला पुन्हा जाऊन पाहिलं तेव्हा काही शेडमध्ये ती पद्धत टिकून होती, काही ठिकाणी मागे गेली होती. तेही सांगितलं पाहिजे. चांगली घडी आपोआप टिकत नाही.

आणि पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० साली याच विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे परदेशी नमुना जसाच्या तसा चालणार नाही. आपल्या माणसाला वरिष्ठाचा जिव्हाळा लागतो, घरच्या वडीलधाऱ्यासारखा. पण तो जिव्हाळा फुकट नाही, कामाला बांधलेला. काम कर, मी तुझ्या पाठीशी उभा आहे, आणि तू तयार झालास की हळूहळू निर्णयही तुझ्याकडे. आपल्या जुन्या हेडमास्तरांना हे पुस्तक न वाचता येत होतं. चूक केली तर केबिनमध्ये बोलावून सोलून काढायचे, आणि बाहेर गावाने मास्तरांवर बोट उचललं की आधी स्वतः पुढे उभे राहायचे. आताचे साहेब उलट करतात. केबिनमध्ये चहा पाजतात आणि गावासमोर सोलतात.

तिसरा आक्षेप कमेंटमध्ये येणार म्हणून आत्ताच उत्तर. "मग सरकारी लोकांना लाडावून ठेवायचं का?" अजिबात नाही. जो पैसे मागतो त्याला लाचलुचपतवाल्यांकडे द्या. जो येतच नाही त्याची चौकशी लावा, नोटीस द्या, खुलासा घ्या, निलंबित करा. हे सगळं कागदावर होतं, त्याला माइक लागत नाही. गंमत बघा, आजवर जितके रुद्रावतार मी कव्हर केले त्यांतल्या किती जणांवर पुढे लेखी कारवाई झाली ते आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवेना. झापणं ही शिक्षेची सुरुवात नसते. झापलं की प्रकरण मिटतं. कामचुकाराला ते पक्कं माहीत आहे, तो निगरगट्टपणे ऐकून घेतो आणि संध्याकाळी टपरीवर साहेबांची नक्कल करतो. लागतं ते काम करणाऱ्याला. त्या दिवशी दवाखान्यात समोर सापडल्या त्या हजर असलेल्या सिस्टर. गैरहजर माणसाला झापताच येत नाही ना.

मग काम करणारा काय शिकतो? सही न करायला शिकतो. तुम्ही तुमची फाईल मिळवून वाचली असेल तर एक वाक्य ओळखीचं असेल: 'सदर प्रकरणी वरिष्ठांचे मार्गदर्शन मागविण्यात येत आहे.' नियम स्पष्ट असतो, क्लार्कला तोंडपाठ असतो, तरी मार्गदर्शन. कारण सही केली आणि कुणी बोट दाखवलं तर चौकात झापला जाणार तो. फाईल सात दिवसांपेक्षा जास्त अडवू नये असा २००५ चा कायदा आहे आपल्याकडे. फाईल अडत नाही हो. ती सातव्या दिवशी वर जाते, चौदाव्या दिवशी खाली येते, त्रुटीसह. आपण हेलपाटे मारतो आणि म्हणतो, एकदा साहेबांनी येऊन झापलं पाहिजे यांना.

त्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये बीपीच्या गोळ्यांची पाकिटं असतात, तेही पाहिलंय. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ ला सुरू झालेले अभ्यास आहेत, त्यांतलं पुढचं बरंचसं काम मायकल मार्मट यांचं. हुद्दा जितका खाली तितका हृदयविकाराने मरण्याचा धोका जास्त. पुढच्या अभ्यासात त्याचं एक मोठं कारण निघालं, स्वतःच्या कामावर स्वतःचा काही ताबा नसणं. साहेबांना टेन्शन असतं म्हणतात. शिपायाचं कुणी मोजलं नव्हतं.

खाजगीत वेगळं आहे असं समजू नका. आपल्या गावच्या पतसंस्था, शोरूम, फायनान्स कंपन्यांच्या वसुलीच्या पोरांचे व्हॉट्सॲप ग्रुप एकदा बघा. रात्री साडेदहाला टार्गेटचा तक्ता आणि खाली नावानिशी उद्धार. तिथलीही वही छान भरलेली असते.

आणि पेपरात? सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात रात्रपाळीला होतो. संपादक विद्वान, पण तोंड असं की भिंती हलायच्या. एका संध्याकाळी आमच्या डीटीपी ऑपरेटरने पानात काहीतरी चूक दाखवली, तर त्यांनी पानाचा कागद त्याच्या तोंडावर भिरकावला. "तू टाइप कर, अक्कल नको चालवूस." त्याच रात्री एक श्रद्धांजलीची जाहिरात लागली. दोन फोटो, एक दिवंगताचा, एक जाहिरात देणाऱ्याचा. फोटोंची अदलाबदल झाली. ऑपरेटरच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या दिवशी जिवंत माणूस 'भावपूर्ण श्रद्धांजली'खाली हसतोय आणि त्याच्या दारात सकाळी सातला पाहुणे रडत उभे. ऑपरेटरला मी बाजूला घेऊन विचारलं, बोलला का नाहीस? म्हणाला, "मला काय करायचंय? साहेबांनी पान पास केलंय."

संपादकांनी त्याला काढून टाकलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं: शंका मलाही आली होती. मी चष्मा पुसला आणि पान जाऊ दिलं.

त्यामुळे हा उपदेश नाही. माझ्यापुरतं ठरवलंय ते सांगतो, बाकीच्या पत्रकार मित्रांनी काय करायचं ते त्यांनी बघावं. कुणी कुणाला चारचौघांत झापल्याचा व्हिडिओ या पेजवर येणार नाही. 'अचानक' भेटीचं निमंत्रण आलं तर जाईन, पण दोन प्रश्न भेट देणाऱ्यालाच विचारीन. इथे मंजूर पदं किती आणि भरलेली किती? इथून तुमच्याकडे शेवटचं पत्र कधी आलं आणि त्याचं काय केलंत? आणि महिन्याने परत जाईन. व्ह्यूज येणार नाहीत, माहिती आहे. मागच्या आठवड्यात रिकाम्या पदांची यादी टाकली होती, ५४ लाइक. त्यातले दोन माझ्याच घरातले.

तुम्हालाही एवढंच विचारतो. तुमच्या दुकानात, शाळेत, बँकेत, सोसायटीत तुमच्या हाताखालच्या माणसाने तुम्हाला शेवटची वाईट बातमी स्वतःहून कधी सांगितली? आठवत नसेल तर 'आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे' असं खुशाल समजू नका.

हे लिहून झाल्यावर सिस्टरांना फोन केला. म्हटलं, माफी मागायची आहे, आणि तुमची बाजू मांडतोय, ती तीन पत्रंही पोस्टसोबत लावतो. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ, लिहा. पण पत्रांचे फोटो नका टाकू. कुणी दिले म्हणून शोधतील."

म्हणून फोटो लावलेले नाहीत. दवाखाना कुठला हे ज्यांच्या लक्षात आलं असेल त्यांनी कमेंटमध्ये लिहू नये, लिहिलं तर डिलीट करीन. औषधांचं विचारायला पुढच्या सोमवारी तालुक्याला जातोय. कुणाला यायचं असेल तर साडेदहाला एसटी स्टँडवर भेटा.